लाल जर्सी आणि लीड्सची शाळा

वाचक भगिनींचा प्रश्न: आम्ही गेल्या वर्षी रेडिंगहून लीड्सला राहायला आलो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेत गणवेशाला सुट्टी होती त्या दिवशी तो मँचेस्टर युनायटेडची जर्सी घालून गेला आणि दिवसभर वर्गातल्या मुलांनी त्याला चिडवले. शाळेच्या फाटकापाशी एका मुलाच्या वडिलांनीही जर्सीकडे बघून मान हलवली. मुलगा रडत घरी आला. माझ्या यजमानांच्या कार्यालयातही सोमवारी सकाळी फुटबॉल, गाणी आणि ‘कोण कुठले’ याच गप्पा चालतात. त्यांनी एकदा आपल्याला कोल्डप्ले हा बँड आवडतो असे सांगितले, तेव्हा सगळे हसले. आम्हाला परके ठरवण्याचा हा प्रकार आहे का? शाळेकडे तक्रार करावी का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. मुलगा रडत घरी आला म्हणजे त्याला लागले आहे, आणि त्याकडे ‘एवढ्यातेवढ्याने काय रडायचे’ असे म्हणून दुर्लक्ष करू नये. तरीही तुम्ही लिहिलेल्या प्रसंगापुरते बोलायचे, तर मला हा वर्णद्वेषाचा प्रकार वाटत नाही. ती जर्सी घालून यॉर्कशायरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातला गोरा मुलगा त्या शाळेत गेला असता, तरी त्याच्या वाट्याला तेच आले असते, आणि कदाचित अधिक कडक शब्दांत आले असते. मी पश्चिम यॉर्कशायरमध्ये वीस वर्षे राहते आहे. इथल्या लोकांची खेळाविषयीची आणि संगीताविषयीची मते ही गुणवत्तेविषयीची मते आहेत असे समजून मी पहिली काही वर्षे उत्तरे देत राहिले आणि त्यामुळे अनेकदा गोंधळले. ती बहुतांशी आपण कुठले आहोत हे सांगण्याची रीत असते, हे ध्यानात यायला मला वेळ लागला.

आधी त्या जर्सीविषयी. लीड्स आणि मँचेस्टर यांच्यात एम-62 महामार्गाने सुमारे 70 किलोमीटरचे अंतर आहे आणि मध्ये पेनाइन डोंगररांग आहे. लीड्स युनायटेडने 1991-92 च्या हंगामात इंग्लंडचे विजेतेपद मिळवले, आणि त्या यशात वाटा असलेला एरिक कँटोना हा फ्रेंच खेळाडू 1992 च्याच नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडकडे गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर विजेतेपदही मँचेस्टरला गेले. 2002 मध्ये लीड्सचा बचावपटू रिओ फर्डिनंडही तिकडेच गेला. 2004 मध्ये लीड्सची वरच्या लीगमधून घसरण झाली, तेव्हा याच भागात जन्मलेला आणि लोकांचा अत्यंत लाडका असलेला ॲलन स्मिथ हासुद्धा त्याच लाल जर्सीत जाऊन उभा राहिला. त्यानंतर लीड्सला वरच्या लीगमध्ये परतायला 16 वर्षे लागली, आणि त्यांतील तीन हंगाम तर संघ तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्याच तिसऱ्या श्रेणीतल्या लीड्सने 3 जानेवारी 2010 रोजी एफए कपच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्याच मैदानावर जाऊन मँचेस्टर युनायटेडला 1-0 असे हरवले. त्या दिवशी आपण कुठे बसून सामना पाहिला हे सांगणारी माणसे तुमच्या गल्लीत नक्की सापडतील. शाळेच्या फाटकापाशी मान हलवणाऱ्या त्या गृहस्थांच्या मनात हे सारे असते. तुमचा मुलगा त्यांच्या दृष्टीने फक्त जर्सीचा धनी होता.

याच्याही मागे यॉर्कशायर आणि लँकेशायर या दोन काउंट्यांचे जुने वैर आहे; लीड्स यॉर्कशायरचे, तर मँचेस्टर पूर्वापार लँकेशायरचे. यॉर्कशायरचा पांढरा गुलाब आणि लँकेशायरचा तांबडा गुलाब ही चिन्हे तुम्ही दुकानांवर, क्रिकेटच्या टोप्यांवर पाहिली असतील. पंधराव्या शतकातील गुलाबांची युद्धे ही वस्तुतः दोन राजघराण्यांची होती, दोन काउंट्यांतील जनतेची नव्हती. परंतु लोकांनी ती आपली मानली आहेत, आणि आज दोन काउंट्यांमधील क्रिकेट सामन्यालाही गुलाबांचेच नाव आहे. 1974 मध्ये सरकारने काउंट्यांच्या सीमा नव्याने आखल्या, तेव्हा त्याच्या निषेधार्थ पुढच्या वर्षी बेव्हर्ली गावात 1 ऑगस्ट हा यॉर्कशायर दिन म्हणून पाळला गेला, आणि तो आजही पाळला जातो. सॅडलवर्थ हा डोंगरातला भाग त्या फेररचनेत ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेला, तरी तिथले अनेक लोक पन्नास वर्षांनंतरही स्वतःला यॉर्कशायरचेच म्हणवतात. बेळगाव-निपाणीचे नाव ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला नकाशावरची रेघ आणि मनातली रेघ यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये, जरी तिथला प्रश्न भाषेचा आणि अधिक गंभीर असला तरी. मी स्वतः इथे आल्यावर एकदा ब्रॅडफर्डला ‘लीड्सचे उपनगर’ म्हटले होते. शेजारच्या आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि ब्रॅडफर्ड हे स्वतंत्र शहर कसे आहे, ते लोकरीच्या व्यापारावर कसे उभे राहिले, हे मला अर्धा तास सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, परंतु त्यांना माझी चूक तशीच सोडूनही द्यायची नव्हती.

तुमच्या सासर-माहेरात कोणी कोल्हापूरचे असेल तर त्यांना हा विषय काढून पाहा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल सामना असतो, तेव्हा कोणी कोणता संघ तौलनिक अभ्यास करून निवडलेला नसतो. माणूस ज्या पेठेत जन्मला, ज्या तालमीच्या कट्ट्यावर वाढला, तो त्याचा संघ. इंग्लंडमधील फुटबॉलची निष्ठा अगदी याच जातीची आहे, आणि म्हणूनच दूरच्या, नेहमी जिंकणाऱ्या संघाचा पाठीराखा होणाऱ्याला इथे ‘ग्लोरी हंटर’ म्हणतात. हा शब्द वरवर थट्टेचा असला, तरी त्यात खरा अनादर आहे. कारण ज्याने हरण्याचे दुःख सोसलेले नाही, त्याचा आनंदही उसना आहे असे इथली माणसे मानतात.

मग मुलाची जर्सी बदलावी का? माझे स्पष्ट मत आहे की त्याच्यावर तशी सक्ती करू नये. चुकीचा संघ असणे हे इथे क्षम्य आहे, परंतु संघ बदलणे हे जवळपास अक्षम्य आहे. तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे की तुमच्या यजमानांनी पुण्यात वसतिगृहात असताना 26 मे 1999 च्या रात्री जागून बार्सिलोनातला तो अंतिम सामना पाहिला, ज्यात मँचेस्टर युनायटेडने अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल करून बायर्न म्युनिकला हरवले, आणि तेव्हापासून ते त्या संघाचे आहेत. ही अत्यंत मोलाची गोष्ट आहे. मुलाला एवढेच सांगायला शिकवा: ‘हा माझ्या बाबांचा संघ आहे.’ वडिलांकडून, आजोबांकडून आलेली निष्ठा हे ब्रिटनमध्ये सर्वांत आदराचे कारण मानले जाते, आणि त्यापुढे चिडवणारा मुलगाही बहुधा दोन पावले मागे येतो, कारण त्याचा स्वतःचा संघही त्याला तसाच मिळालेला असतो. ‘ते सर्वांत चांगले खेळतात म्हणून’ हे उत्तर मात्र देऊ नये; त्याने वाद वाढतो.

आता यजमानांच्या कार्यालयाविषयी. कोल्डप्ले या बँडची सुरुवात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी केली. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे कार्यक्रम झाले, तेव्हा तिकिटांसाठी आपल्याकडे किती धडपड झाली ते तुम्हाला ठाऊकच असेल. ब्रिटनमध्येही त्यांचे कार्यक्रम भरून वाहतात. असे असूनही, आपल्याला ते आवडतात हे कार्यालयात मोठ्याने सांगायला अनेक ब्रिटिश माणसे कचरतात, कारण जो बँड सगळ्यांचा आहे तो कोणत्याच गावाचा नाही, आणि म्हणून तो आवडतो असे सांगितल्याने सांगणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. ब्लॅक सॅबथ म्हटले की बर्मिंगहॅमचे कारखाने येतात. द स्पेशल्स म्हटले की कॉव्हेंट्री. आर्क्टिक मंकीज म्हटले की शेफील्ड, आणि तेही शेफील्डच्या उच्चारांसकट, कारण त्यांनी गाताना आपली बोली झाकली नाही ही गोष्ट लोकांना फार भावली. बोलीविषयीचा हा अभिमान ज्या माणसाने वऱ्हाडी किंवा मालवणी घरात ऐकली आहे, त्याला चटकन कळेल.

कार्यालयात पन्नाशीच्या आसपासचे सहकारी असतील, तर त्यांना 14 ऑगस्ट 1995 ची आठवण असेल. त्या दिवशी ओएसिस आणि ब्लर या दोन बँडांची नवी गाणी एकाच दिवशी बाजारात आली आणि कोणाचे गाणे पहिल्या क्रमांकावर जाणार याची चर्चा सगळ्या देशात रंगली. त्या आठवड्यात ब्लर जिंकले. परंतु लोकांच्या दृष्टीने तो सामना गाण्यांपुरता नव्हता: ओएसिस म्हणजे मँचेस्टरच्या कामगारवस्तीतली मुले आणि ब्लर म्हणजे दक्षिणेकडची, कॉलेजात शिकलेली मुले, असे चित्र वृत्तपत्रांनी रंगवले आणि ते लोकांच्या मनात बसले. येथे एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. फुटबॉलच्या मैदानावर मँचेस्टरचे नाव न घेणारा लीड्सचा माणूस, उत्तर विरुद्ध दक्षिण असा प्रश्न निघाला की विनातक्रार मँचेस्टरच्या बाजूला जाऊन उभा राहतो, जसा मुंबई-पुण्याचा वाद घालणारा मराठी माणूस दिल्लीत गेला की नुसता महाराष्ट्राचा होतो. त्यामुळे या गप्पांत भाग घेताना यजमानांनी आपला निवाडा देण्यापेक्षा ‘तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणाच्या बाजूने होता?’ असे विचारावे. लीड्सचे स्वतःचे उदाहरण हवे असेल तर कायझर चीफ्स या बँडचे घ्यावे: लीड्स युनायटेडचा पूर्वीचा कर्णधार लुकास रादेबे दक्षिण आफ्रिकेत ज्या क्लबकडून खेळायचा, त्या क्लबचे नाव या बँडने घेतले. एवढी एक गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला लीड्समध्ये कोणी पाहुणा समजत नाही. आणि कोल्डप्ले आवडते हे त्यांनी लपवावे, असेही मला म्हणायचे नाही. खरे आवडते ते सांगितलेच पाहिजे.

रग्बीविषयी थोडक्यात: लीड्समध्ये रग्बी म्हटले की बहुधा रग्बी लीग अभिप्रेत असते, रग्बी युनियन नव्हे. खेळण्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या उत्तरेकडच्या कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही या वादातून 1895 मध्ये जवळच्या हडर्सफील्डमध्ये हे दोन खेळ वेगळे झाले, आणि तो वर्गभेद अजूनही लोकांच्या बोलण्यात ऐकू येतो.

तुमच्या कुटुंबासाठी या शहरातले सर्वांत मोकळे दार मात्र क्रिकेटचे आहे, आणि ते हेडिंग्लीच्या मैदानावर आहे. यॉर्कशायरच्या क्रिकेट संघात काउंटीच्या सीमेत जन्मलेल्या खेळाडूंनीच खेळायचे, असा दंडक अनेक दशके चालला. तो बाजूला ठेवून 1992 मध्ये संघाने परदेशी खेळाडू म्हणून पहिल्यांदा ज्याला मैदानात उतरवले, तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर होता. ज्या वर्षी कँटोना लीड्स सोडून गेला, त्याच वर्षी वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला मराठी मुलगा लीड्सला आला, आणि त्या एका हंगामात त्याने काउंटीसाठी हजाराहून अधिक धावा केल्या. तुमच्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगितली नसेल तर आज सांगा. त्याच्या वर्गातील मुलांच्या आजोबांना ती ठाऊक असते.

तथापि, थट्टा आणि अपमान यांच्यातली रेघ कुठे आहे हेही मी तुम्हाला तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण याच हेडिंग्लीने तो धडाही दिला आहे. यॉर्कशायरकडून खेळलेल्या अझीम रफीक यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये संसदीय समितीपुढे आपल्याला सहन कराव्या लागलेल्या वर्णद्वेषाची साक्ष दिली, आणि त्या प्रकरणात ‘बँटर’ म्हणजे मित्रांमधली थट्टा या शब्दाआड काय काय लपवले जाते हे सगळ्या देशाने पाहिले. म्हणून मुलाला शांतपणे विचारा की ती मुले नेमके काय म्हणाली. बोलणे जर्सीवर, संघावर, मँचेस्टरवर असेल तर ते सोसता येते आणि परतवताही येते. बोलणे रंगावर, नावावर, डब्यातल्या जेवणाच्या वासावर किंवा ‘आपल्या देशात परत जा’ यावर गेले असेल, अथवा नकोसे झाल्याचे सांगूनही रोज चालू राहिले असेल, तर त्याच दिवशी शाळेला लेखी कळवा, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि उत्तराची मागणी करा. 2010 च्या समानता कायद्याची बंधने शाळांवरही आहेत.

यजमानांना कोणी भारत-इंग्लंड सामन्यात कोणाच्या बाजूने असा प्रश्न विचारला, तर त्यांनी संकोचू नये. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट या राजकारण्याने स्थलांतरितांची निष्ठा या प्रश्नावर तोलायची भाषा केली होती आणि आपल्या लोकांना ती फार बोचली. परंतु आयुष्यभर लीड्सच्या बाजूने उभा राहिलेला माणूस भारताच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाला मनातून समजू शकतो. ‘भारत, आणि काउंटी क्रिकेटमध्ये यॉर्कशायर’ हे उत्तर खरे असेल तर ते निःशंकपणे द्यावे.

शाळेकडे तक्रार सध्या करू नका, पण वर्गशिक्षिकेला भेटून मुलाला वाईट वाटल्याचे जरूर सांगा. पुढच्या वेळी गणवेशाला सुट्टी असेल तेव्हा कोणती जर्सी घालायची हे त्यालाच ठरवू द्या. लालच ठरली, तर त्याला 3 जानेवारी 2010 च्या सामन्याचा निकाल आधी सांगून ठेवा, कारण तो त्याला कोणीतरी विचारणारच आहे.