मुठीत धरून ओळखावा असा बर्फ

प्रश्न : गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही दोन्ही मुलांना (वय 11 आणि 6) बर्फ दाखवायला मनालीला नेले. सोलंगला बर्फ होता खरा, पण काचेसारखा टणक. मुले घसरून आपटली, गोळा एकही वळला नाही आणि धाकटी म्हणाली, ‘हा तर आपल्या मासळीबाजारातलाच बर्फ!’ यंदा पुन्हा जायचे आहे. मुलांना खेळता येईल असा बर्फ केव्हा आणि कुठे मिळतो?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या धाकटीचे निरीक्षण पुष्कळसे बरोबर आहे. बांगडा मासळीच्या खोक्यात घालतात तो पाणी गोठवून केलेल्या लाद्यांचा चुरा असतो; आकाशातून पडणारे हिम मात्र ढगातील वाफ पाण्याच्या अवस्थेत न येता थेट गोठून तयार होते. जुन्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या भिंतींवर जो पांढरा भुसा साचतो, तो हिमाचा जवळचा नातलग म्हणता येईल. सोलंगला आपण पाहिलेला बर्फही मुळात हिमच असणार. परंतु दिवसा उन्हाने वरचा थर वितळला, रात्री पुन्हा गोठला आणि शेकडो पर्यटकांच्या पायांखाली दाबला गेला, की काही दिवसांतच त्याची लादी होते.

बर्फ ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे मूठ आवळून पाहणे. पिठासारखा निसटून गेला, तर तो थंड, कोरडा आणि ताजा बर्फ. त्याचा गोळा होत नाही, पण त्यात लोळावे, तो उधळावा, पाय रोवत चालावे. थंडी फार असेल तर पायाखाली तो करकरतो, आणि हा आवाज मुलांना विलक्षण आवडतो. मुठीत नीट बसला, तर तापमान शून्य अंशाच्या आसपास आहे असे समजावे. कणांवर पाण्याचा पातळ थर आल्यामुळे ते एकमेकांना चिकटतात. गोळे, बाहुला, किल्ला या सगळ्यांना हाच बर्फ लागतो. माझ्या मते लहान मुलांसाठी याहून चांगला बर्फ नाही. बोटांतून पाणी गळू लागले, तर तो नुसता राडा असतो आणि बूट भिजण्यापलीकडे त्यातून काही हाती लागत नाही.

थोरल्यासाठी एक काळे लोकरी कापड आणि भिंग बरोबर न्यावे. हिमवर्षाव सुरू झाला की कापड आधी काही वेळ बाहेर ठेवून थंड होऊ द्यावे, मगच त्यावर कण झेलावेत, नाहीतर पडताक्षणी ते वितळतात. सहा टोकांच्या चांदण्या, षट्कोनी चकत्या, सुया असे निरनिराळे आकार दिसतील. आकार तापमान आणि आर्द्रतेवर ठरतो, हे जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत हिमकण वाढवून दाखवले. पहिला कृत्रिम हिमकण त्यांनी 1936 मध्ये तयार केला. उणे 15 अंशांच्या सुमारास पिसांसारख्या फांद्या असलेल्या चांदण्या तयार होतात.

राहिला ‘केव्हा’चा प्रश्न. नाताळात बर्फ मिळेलच असे नाही; जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी अधिक भरवशाचे, मग शाळेचे चार दिवस बुडाले तरी चालतील (हे शिक्षकांना कळवू नये). मडगावहून गोवा संपर्क क्रांतीने चंदीगड गाठून पुढे रस्त्याने मनालीला जाता येते, आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधील सिस्सू गावाला, मात्र हिमवर्षावात रस्ता बंद राहू शकतो. काश्मीरात गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठच्या मुलांना तेथे पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, आणि गंडोलाचा (तारेवरून चालणाऱ्या पाळण्याचा) वरचा टप्पा, जो 3,900 मीटरच्याही वर जातो, तो धाकटीसाठी टाळावा. ताजा बर्फ पडल्यानंतर तीव्र उताराखाली मुलांना खेळू देऊ नये (वरून बर्फ कोसळू शकतो), हे वेगळे सांगायला नको.

ताजा बर्फ ऊन बहुतांशी परत फेकतो, म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर लावता तेच क्रीम तेथेही लावावे आणि डोळ्यांवर गॉगल असावा. लोकरीचे हातमोजे गोळे करताना दहा मिनिटांत भिजतात. पाणी न शिरणारे हातमोजे घ्यावेत, तेही प्रत्येकी दोन जोड, कारण एक हरवतोच.