पाहुण्यांचा स्टँड, नेपल्स

प्रश्न : काका, मी दोन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये नोकरी करतोय आणि इथल्या फुटबॉल क्लबचा नाद लागलाय. चॅम्पियन्स लीगमध्ये आमची मॅच नेपल्सला आहे, मंगळवारी रात्री नऊला. ऑफिसातले चार डच मित्र आणि मी जाणार आहोत. बेत असा : सोमवारी रात्री पोचायचं, मंगळवारी पॉम्पेचं जुनं रोमन शहर बघायचं, संध्याकाळी मेट्रोने स्टेडियम, मॅच संपली की पिझ्झा, बुधवारी पहाटेचं विमान. जमेल ना? माझा पासपोर्ट भारतीय आहे. त्यामुळे काही वेगळं करावं लागेल का?
— स. दे.

उत्तर : बेत छान आहे, पण तो पर्यटकाचा आहे. मंगळवारी तुम्ही पर्यटक नसाल, 'ऑस्पिती' असाल. इटालियनमध्ये ऑस्पिते म्हणजे पाहुणा. स्टेडियमच्या ज्या कोपऱ्यात तुम्हाला बसवतील त्याचं नाव 'सेत्तोरे ऑस्पिती', पाहुण्यांचा स्टँड. शब्दावर जाऊ नका. या पाहुणचारात पोलिसांची रांग, काचेसारखी पारदर्शक भिंत आणि वर जाळी एवढंच असतं.

मी आयुष्यभर बोटीवर होतो, शेवटी शेवटी चीफ इंजिनियर. नेपल्सच्या धक्क्याला कितीदा लागलो याचा हिशेब नाही. पुढे लेक नेदरलँड्सला स्थायिक झाली. जावई डच, आणि क्लब त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेला. त्याच्या आग्रहाने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी नेपल्सला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये बसलो. गंमत बघा, सगळ्यांना जमायला सांगितलं होतं स्ताझिओने मारित्तिमाला, म्हणजे बंदरावरच्या प्रवासी टर्मिनलवर. ज्या धक्क्यावर मी तरुणपणी ऐटीत उतरायचो, तिथेच मला म्हातारपणी पोलिसांनी मोजून बसमध्ये भरलं.

युरोपियन मॅचेसना तिथे साधारण हीच पद्धत असते. पाहुण्या समर्थकांनी बंदरावर जमायचं, तिथून पोलिसांच्या गाड्यांच्या मध्ये बसची रांग निघते. जमण्याची जागा आणि वेळ तुमचा क्लब आधी कळवेल. ते पत्र मात्र नीट वाचा, मित्राने वाचलंय म्हणून सोडून देऊ नका. आमचा दिवस असा गेला : चारला बंदरावर, सहाला बस हलली, सातच्या पुढे जागेवर. मॅच अकराच्या आत संपली आणि आम्ही बाहेर पडलो ते बारा वाजून गेल्यावर. घरचे, म्हणजे नेपल्सच्या नापोली क्लबचे, लोक पांगेपर्यंत पाहुण्यांना कुलूपबंद ठेवतात. मग परत बस, परत बंदर. तेव्हा मॅचनंतरच्या पिझ्झ्याचं स्वप्न सोडा, मॅचच्या आधी दुपारी पोट भरून घ्या. पहाटेचं विमानही बदला. झोप न होता विमानतळ गाठणं जमेल, पण सामना हरलेले चार डच बरोबर असतील हे लक्षात घ्या.

मेट्रोने जायचा मोह होईल. दोन नंबरच्या लाइनने काम्पी फ्लेग्रेई स्टेशनवर उतरलं की स्टेडियम समोरच. पण त्या गाडीत सगळं नेपल्स असतं, आणि तुमच्या मित्रांची उंची आणि भाषा लपत नाही. जर्सी बॅगेत ठेवा, मफलरसुद्धा. बंदरावर पोलिसांच्या कड्यात पोचल्यावर काय ते गळ्यात घाला. मी घाबरवत नाहीये. शहरातले लोक प्रेमळ आहेत, मला आजवर कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. पण मॅचच्या दिवशी मोजकी टोळकी दुसऱ्या रंगाच्या शोधात फिरतात, आणि ती तुमचा स्वभाव विचारत बसत नाहीत.

बसमध्ये एक गोष्ट आवर्जून बघा. स्टेडियम ज्या भागात आहे त्याचं नाव फुओरिग्रोत्ता, म्हणजे 'गुहेपलीकडचं'. मधे पोसिलिपोची टेकडी आडवी येते. ती पोखरून रोमन लोकांनी सुमारे सातशे मीटरचा बोगदा काढला, त्याच्यापलीकडे वसलेलं म्हणून हे नाव. दोन हजार वर्षांपूर्वी, हातातल्या हत्यारांनी! माझ्यातल्या इंजिनियरला सायरन आणि घोषणा ऐकू येईनाशा झाल्या. जावयाला वाटलं मला उकडतंय.

स्टेडियम १९५९चं. नाव सान पाओलो होतं. २५ नोव्हेंबर २०२० रोजी नापोलीकडून खेळलेला मॅराडोना गेला आणि पुढच्याच महिन्यात स्टेडियमला त्याचं नाव दिलं. मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे खेळ लांबून दिसतो आणि जाळीतून तर अर्धाच. तो बघायला जाऊ नका, ऐकायला जा. नापोलीने गोल केला की निवेदक खेळणाऱ्याचं पहिलं नाव ओरडतो आणि पन्नास हजार माणसं आडनाव. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आमच्या विरुद्ध झालेल्या गोलाला माझ्या अंगावर काटा आला, हे जावयाला मी अजून सांगितलेलं नाही.

आता पासपोर्ट. इटलीत फुटबॉलचं तिकीट नावाचं असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. गोम तुमच्या-माझ्या नावात आहे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा पहिल्या नावाला चिकटलेलं असतं. तिकिटाच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने, 'नोमे' आणि 'कोन्योमे', म्हणजे नाव आणि आडनाव. माझ्या फॉर्मवर जावयाने वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं होतं. दारावर एक तरुण कधी तिकीट, कधी पासपोर्ट, कधी माझं तोंड बघत राहिला आणि मागे रांग खोळंबली. तेव्हा पासपोर्टवर जसं आहे तसं अक्षर न् अक्षर लिहा. नेदरलँड्सचं निवासाचं कार्ड आणि मूळ पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. हॉटेलातही पासपोर्ट मागतील. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं तिथे हॉटेलवाल्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

झडतीत माझी पॉवर बँक गेली. जावयाचा लायटर गेला. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात, म्हणजे भरलेली बाटली कुणी फेकून मारू नये. मग ती उघडी बाटली मांडीत धरून तुम्ही दोन तास बसायचं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, खरं तर आधी सांगायला हवं होतं. परतावा न मिळणारं काहीही आत्ताच बुक करू नका. इटलीत प्रीफेक्ट, म्हणजे प्रांतातला केंद्र सरकारचा अधिकारी, सुरक्षेच्या कारणावरून एखाद्या गावच्या रहिवाशांना तिकीटविक्री बंद करू शकतो. मार्च २०२३मध्ये आइनट्राख्ट फ्रँकफर्ट या जर्मन क्लबच्या मॅचच्या वेळी हेच झालं. फ्रँकफर्टच्या रहिवाशांना तिकीट मिळालं नाही, तरी काहीशे समर्थक आलेच आणि १५ मार्चला शहराच्या मध्यभागी दंगल झाली, पोलिसांची गाडी पेटली. नापोली ३-० जिंकलं, ते बातमीत खाली राहिलं. असे हुकूम कधी कधी अगदी ऐनवेळी येतात.

म्हणून माझा बेत असा : रविवारी पोचा. सोमवारी पॉम्पे. गारिबाल्दी चौकातून चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल जाते, पंख्याची अपेक्षा ठेवू नका. पॉम्पेचं तिकीटही आता नावाचंच असतं, दिवसाला वीस हजारांची मर्यादा आहे. मंगळवारी सकाळी समुद्रकाठी पाय मोकळे करा, जेवा, बंदरावर जा आणि घड्याळ पोलिसांच्या स्वाधीन करा. बुधवार मोकळा ठेवा. हॉटेल फुओरिग्रोत्तात नको, बंदराजवळ मुनिचिपिओ भागात घ्या. रात्री एकला बस तुम्हाला बंदरावरच सोडणार आहे, तिथून चालत खोली गाठता आली पाहिजे. तिथलं मेट्रो स्टेशन खणताना रोमन काळातल्या बंदरातली जहाजं सापडली होती, एवढं मला चुकवता येत नाही म्हणून सांगितलं.

प्रश्न : नवऱ्याबरोबर नेपल्सला जातेय, पण मला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मॅचच्या संध्याकाळी एकटीने काय करू? आणि खाऊ काय?
— म. जो., म्युनिक

उत्तर : ताई, खाण्याची काळजी नवऱ्याने करावी, तुम्ही नाही. मरिनारा नावाचा पिझ्झा मागा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाहीच. जुन्या दुकानांत तो मार्गारिताच्या मांडीला मांडी लावून बसतो. दा मिकेले हे १८७०पासून पिझ्झा करणाऱ्या घराण्याचं दुकान याच दोघांवर मोठं झालं. वांग्याची पार्मिजाना मिळेल, पण तिच्यात अंडं घातलंय का ते विचारा. आणि तिच्यावरच्या पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, तेव्हा तुमचं सोवळं कुठपर्यंत ते तुम्हीच ठरवा. शिंपल्याच्या आकाराची खुसखुशीत स्फोल्यातेल्ला बघून हात पुढे जाईल. तो आवरा. तिच्या पापुद्र्यांत परंपरेने डुकराची चरबी असते. मिरी घातलेल्या ताराल्ली नावाच्या कडबोळ्यांचंही तेच. मी हे बोटीवरच्या एका शाकाहारी सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याची तिसरी स्फोल्यातेल्ला संपत आली होती.

संध्याकाळी खोलीत बसू नका. नापोलीच्या मॅचला शहरच घरात शिरतं, रस्ते मोकळे होतात. दिवसा क्वार्तिएरी स्पान्योलीच्या गल्लीत मॅराडोनाचं भिंतभर चित्र बघून घ्या. तिथे फुलं, मफलर, मेणबत्त्या, सगळं देवळासारखं आहे. फुटबॉलमध्ये रस नसलेल्या माणसालाही ते कळतं. १९८४मध्ये तो आला तोवर या क्लबने इटलीची लीग कधीच जिंकली नव्हती. उत्तरेतल्या स्टेडियममध्ये तर 'व्हेसुव्हियस, यांना आगीने धुऊन काढ' अशी, नेपल्सजवळच्या ज्वालामुखीला साकडं घालणारी घोषणा या लोकांविरुद्ध दिली जाते. मग १९८७ला किताब, १९९०ला दुसरा, आणि त्यानंतर तेहेतीस वर्षं वाट. तिसरा २०२३ला, चौथा २०२५ला. हे ठाऊक असेल तर रात्री एखाद्या बारमध्ये कॉफी घेऊन टीव्ही बघणाऱ्यांचे चेहरे बघत बसा. पाहुण्यांच्या स्टँडमधून नवऱ्याला दिसेल त्यापेक्षा तुम्हाला जास्त दिसेल. कॉफीचे पैसे अनेक ठिकाणी आधी गल्ल्यावर द्यायचे असतात. टॅक्सीत बसताच, मीटर पडायच्या आत, 'तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता' म्हणा. ठरलेला दर मिळतो, पण मागितला तरच.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये नेऊ का? फार मागे लागलाय.
— एक बाबा

उत्तर : नको. धोका आहे म्हणून म्हणत नाही, मूल कंटाळेल म्हणून. सात-आठ तास रांग, बस, जाळी, आणि संडासाबद्दल मी बोलत नाही. घरच्या लोकांच्या बाजूच्या स्टँडमध्ये कुठलाही रंग न घालता बसणं हा दुसरा मार्ग. पण पाहुण्या देशातल्या रहिवाशांना ती तिकिटं कधी कधी विकत नाहीत, ते आधी बघा. त्यापेक्षा लीगमधली रविवार दुपारची साधी मॅच दाखवा.

प्रश्न : मॅचच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान आहे. एकच गोष्ट बघायची तर कोणती?
— अ. कु.

उत्तर : पुरातत्त्व संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, तेव्हा बुधवारी मॅच असलेल्यांनी गुरुवारी जावं आणि मंगळवारी असलेल्यांनी बुधवारी. तिथे पॉम्पेच्या एका घरातून आणलेलं भित्तिचित्र आहे. वरून बघावं तसं गोल रंगमंडल, आतही माणसं एकमेकांना बडवताहेत, बाहेरही. इसवी सन ५९मध्ये शेजारच्या नुचेरियाचे लोक खेळ बघायला पॉम्पेला आले होते. आधी शिवीगाळ, मग दगड, मग तलवारी. रोमच्या सिनेटने पॉम्पेत असे खेळ भरवायला दहा वर्षं बंदी घातली.

आम्ही आदल्या रात्री ०-२ हरून गेलो होतो. जावई त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच विचारलं, "यातले पाहुणे कोणते?" मी म्हटलं, चित्रात कळत नाही, पण मार त्यांनाच जास्त बसला असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय.