कपाटातला लिअर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. धाकटी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. बारावी कॉमर्सला ७८ टक्के असूनही हट्टानं आर्ट्‌सला गेली. या सेमिस्टरला शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ आहे, ते डोक्यावरून जातंय म्हणून एक दिवस रडली. पुढचं त्यांच्याच शब्दांत: “जे कळत नाही ते आपलं नाही, साधा हिशोब आहे. पुस्तक कपाटात ठेवलं, किल्ली माझ्याकडं घेतली. गाइड आणून दिलंय, दहा प्रश्न पाठ कर म्हटलं. जूनपासून पुण्याला एमपीएससीच्या क्लासला घालतोय. थोरल्या दोघींनी माझं ऐकलं, दोघींच्या नावावर एकेक फ्लॅट केला. हिला विचारलं, बापाच्या शब्दाला किंमत आहे का नाही? तर गप्प. तोंडातून शब्द नाही. आठ दिवस झाले, मीपण बोललेलो नाही. मॅडम, चारशे वर्षांपूर्वीची नाटकं वाचून काय मिळणार, हे तुम्हीच तिला सांगा. नाटकाचा मला राग नाही, ‘नटसम्राट’ दोनदा बघितलंय.”

दादा,

पत्र वाचून आधी वाटलं, कुणीतरी माझी फिरकी घेतंय. मग लक्षात आलं, तुम्ही ते पुस्तक कुलपात घातलंत पण उघडून पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर असं पत्र तुमच्या हातून लिहून झालं नसतं. ते का, ते सांगते. पण आधी किल्लीचं.

मुलांचा मोबाइल काढून घेणारे पालक मला आठवड्याला चार भेटतात. अभ्यासाचं पुस्तक काढून घेणारे तुम्ही पहिले. चार पानांत मी शोधलं, मुलगी कुठं म्हणाली का की मला हे सोडायचंय? नाही म्हणाली. अवघड आहे म्हणून रडली, एवढंच. अवघड कामावर रडू येणं आणि ते काम नको असणं यात फार अंतर आहे. तुम्ही स्वतः पहिलं मशीन हप्त्यावर घेतलंत तेव्हा रात्री झोप लागत होती का? तेव्हा कुणी शॉपला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली असती, तर तुम्ही त्याला आपलं माणूस म्हटलं असतंत का? मुलीनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत, आणि ते उत्तर ती मुकाट्यानं घेत नाही म्हणून आठ दिवस अबोला धरलात. फ्लॅटचं वाक्य तर तुम्ही सहज लिहून गेलात. पण ते तिनं घरात कितीदा ऐकलं असेल याचा मला अंदाज आहे. ऐकलं त्यांना फ्लॅट. हिशोब तिलाही येतो, कॉमर्सची आहे.

म्हणून पत्रातल्या मार्कांची, सेमिस्टरची मला काळजी वाटली नाही. तिच्या गप्प बसण्याची वाटली.

आता नाटक. एका म्हाताऱ्या राजाला तीन मुली असतात. राज्याची वाटणी करायला तो दरबार भरवतो आणि मुलींना विचारतो, सांगा, माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम कुणाचं? थोरल्या दोघी तोंड भरून बोलतात आणि आपापला वाटा घेतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, “काही नाही.” बाप म्हणतो, काही नाहीतून काही नाहीच निघणार, पुन्हा बोल. ती बोलत नाही, म्हणजे त्याला हवं ते बोलत नाही. तिचा वाटा जातो. तिची बाजू घेणारा सरदार केंट हद्दपार होतो. हा पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश. पुढं काय होतं ते तुम्ही दोनदा बघितलंय, कारण १९७० साली शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिलं त्याच्या मुळाशी हाच लिअर आहे. बेलवलकरांसाठी तुम्ही डोळे पुसले असणार. ज्या झाडाची सावली आवडली त्याचं मूळ तुम्ही कपाटात कोंडलंय.

तुम्ही लिअर आहात असं मी म्हणत नाही. लिअरला त्याची चूक कळायला अख्खं वादळ अंगावर घ्यावं लागलं, तुम्ही निदान पत्र तरी लिहिलंत.

“जे कळत नाही ते आपलं नाही” या वाक्यावर मात्र मी अडून बसणार आहे, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, निम्म्या प्राध्यापकांचाही आहे. तुमच्याच धंद्यातलं बघा. नवीन पोरगा कामाला येतो, हातात ड्रॉइंग देता. त्याला ते कळतं का? समोरचा व्ह्यू, वरचा व्ह्यू, टॉलरन्सचे आकडे, सगळं जाळं दिसतं. तुम्ही त्याला घरी पाठवत नाही. फोरमनजवळ उभं करता, जॉब हातात देता आणि म्हणता, आता ड्रॉइंगकडं बघ. नाटकाची संहिता हे असलंच ड्रॉइंग. शेक्सपिअरनं ती नटांच्या हातात द्यायला लिहिली होती. दारं लावून, मनातल्या मनात, डिक्शनरी घेऊन वाचायला नव्हे. शब्द जुने, वाक्यरचना उलटीपालटी, आणि कोण कुणाकडं बघून बोलतंय हे कागदावर दिसत नाही. पहिल्या वाचनात न कळणं ही रीतच आहे. ज्याला पहिल्या फटक्यात सगळं कळलं असं वाटतं, त्यानं बहुतेक गाइड वाचलेलं असतं.

आणि मराठी मुलीला यात एक फायदा आहे, जो इंग्लंडातल्या आजच्या पोरांना नाही. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं, ‘दाऊ’ आणि ‘यू’. आजच्या इंग्रजीत ते राहिलेलं नाही, त्यामुळं तिकडच्या मुलांना ते शिकवावं लागतं. आपल्याकडं घरात, दुकानात, एसटीत दिवसभर तोच खेळ चालतो. आता पहिला प्रवेश असा वाचा: केंट राजाशी आधी अदबीनं बोलतो, आणि राजा ऐकत नाही म्हटल्यावर एकदम ‘दाऊ’वर येतो. भर दरबारात राजाला “काय करायला निघालायस, म्हाताऱ्या?” असं विचारतो. कोल्हापूरच्या मुलीला ही ओळ समजावून सांगायला लागत नाही, फक्त दाखवायला लागते. अंगावर काटा येतो.

गाइडचं सांगते. मी स्वतः बी.ए.ला लिअर गाइडातून केला. ‘लिअर गर्विष्ठ, कॉर्डेलिया सत्यवचनी’ असं लिहून बऱ्यापैकी मार्क घेतले. पुढं खूप वर्षांनी मूळ वाचलं तेव्हा कळलं की कॉर्डेलिया नुसती साधीभोळी नाही, बापाइतकीच हट्टी आहे. ती म्हणते, माझं लग्न होईल तेव्हा निम्मं प्रेम नवऱ्याकडं जाणार, मग सगळं तुम्हाला कुठून देऊ? मोजमाप करणाऱ्या बापाला मोजमापातच उत्तर. हे गाइडात नव्हतं. सोपं करून घ्यायची खोड तशी जुनी आहे. या नाटकाचा शेवट सोसवेना म्हणून १६८१ साली नेहम टेट नावाच्या लेखकानं तो बदलला, कॉर्डेलियाला जगवलं, आणि पुढं जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडात रंगभूमीवर तेच गोड लिअर चाललं. आज ते सहसा कुणी करत नाही.

“काय मिळणार” याचं उत्तर सरळ देते: नोकरीच्या जाहिरातीत कुणी लिअर वाचलाय का असं विचारत नाही, आणि नाटक वाचल्यानं व्यक्तिमत्त्व वगैरे फुलतं असलं मी तुम्हाला सांगणार नाही. पण न कळणाऱ्या पानासमोर उठून न जाता बसून राहायचं, बोलणाऱ्याच्या शब्दांच्या मागं त्याला काय हवंय ते ओळखायचं, ही सवय वकिलाला लागते, अधिकाऱ्याला लागते, गिऱ्हाइकाशी बोलताना तुम्हालाही लागते. आणि ती सोप्या पानावर लागत नाही. आपल्या गावाचाच दाखला देते. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथं आगरकरांनी काय केलं? शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं. ‘विकारविलसित’ नावानं ते १८८३ साली आलं. पंचविशी नुकतीच उलटलेला माणूस, कोठडी, आणि समोर हॅम्लेट. त्यांना कुणी काय मिळणार असं विचारलं असेलही.

परीक्षांचं एका ओळीत: पदवीनंतर तीन वर्षांचं लॉ, बी.एड., एम.ए. करून नेट-सेट हे रस्ते उघडे आहेत; राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, निबंध लिहावा लागतो; आणि यूपीएससीला इंग्रजी साहित्य घेतलं तर अभ्यासक्रमात पुन्हा ‘किंग लिअर’च आहे. तेव्हा पुण्याच्या क्लासचे पैसे जूनमध्ये भरू नका. पदवी होऊ दे, मग तिनं मागितले तर भरा.

अजून एक बोलते, राग मानू नका. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासून उभं असलेलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. खासबागेच्या बाजूला उभं राहून धडधाकट माणसं रडताना मी बघितली. भिंतींसाठी आपण एवढे रडतो. त्या भिंतींच्या आत जे बोललं जातं, ते घरात वीस वर्षांची मुलगी वाचायला बसली की आपण म्हणतो, काय उपयोग.

आता चार ओळी मुलीसाठी, तिला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या.

बाळा, इंग्रजीतून सुरुवात करू नकोस. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणलाय, आधी तो वाच. लाजायचं कारण नाही. मग मूळ उघड, पण सगळं नको, पहिला प्रवेश तेवढा. मोठ्यानं वाच, खोलीत फिरत वाच. प्रत्येक वाक्याला एकच विचार: हा कुणाकडं बघून बोलतोय आणि त्याला काय हवंय? शब्द अडला तर अडू दे, खालच्या टिपा दुसऱ्या वाचनाला. आठवड्याला तीन प्रवेश झाले तरी नऊ आठवड्यांत पुरा होतो. गाइड फेकू नकोस. सगळं वाचून झाल्यावर उघड आणि ते कुठं चुकलंय ते पेन्सिलीनं लिही. तो तुझा खरा अभ्यास. आणि वाचून झाल्यावरही आवडलं नाही, तर नाही आवडलं. तेही कारणासकट लिहिता आलं पाहिजे.

दादा, तुमच्यासाठी काम एकच. येत्या रविवारी शॉप बंद असेल तेव्हा पहिला प्रवेश तिच्याबरोबर मराठीतून वाचायचा. लिअर तुम्ही वाचा. कॉर्डेलिया तिला. केंट कोण वाचणार ते तिच्या आईला विचारा, मला वाटतं त्या तयारच असतील. कॉर्डेलियाचं “काही नाही” आलं की मध्ये बोलायचं नाही, पुढची ओळ तुमचीच आहे, ती वाचायची. प्रवेश संपल्यावर अबोला कुणी मोडायचा हे मी सांगणार नाही.

विंदांचं पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात मिळतं का बघा, नाहीतर विकत घ्या. दोन प्रती घ्या. एकाच पुस्तकात दोघांनी डोकं घातलंत तर पान कुणी उलटायचं यावरून पुन्हा वाजेल.