डोंगरातलं बैठं घर: घ्या, पण साठवणीतून नको

प्रश्न: वय ५९ आणि ५६. वर्षभरात निवृत्ती. राहतो तो फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायकोचे गुडघे बोलायला लागलेत. डोंगरातल्या एका छोट्या गावात बैठं घर मिळतंय. गावात खर्चही कमी होईल. आमचा वर्षाचा घरखर्च १ धरला, तर घराची किंमत ९, आमची साठवण २४ आणि फ्लॅटची किंमत १४. साठवणीतून रोखीने घर घ्यावं आणि फ्लॅट मुलासाठी ठेवावा, असं मनात आहे. बरोबर आहे का?

उत्तर: सगळं घरखर्चाच्या पटीत मांडलंत, हे छान केलंत. मोठ्या रकमा बघितल्या की माणूस हरखतो. किती वर्षं पुरेल हे बघितलं की भानावर येतो.

घर तुम्हाला परवडतं. तुम्ही आखलेल्या वाटेने मात्र नाही.

आज साठवणीतून वर्षाचा खर्च काढायचा तर २४ मधून १, म्हणजे ४.२ टक्के. विल्यम बेन्गन या सल्लागाराने १९९४ मध्ये अमेरिकेतले जुने आकडे तपासून मांडलं होतं, की पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर पैसा ३० वर्षं टिकतो. हा काही निसर्गनियम नाही, पण कुंपण कुठे आहे ते कळतं. तुम्ही आज कुंपणाला टेकून उभे आहात.

आता घराचे ९ द्या. नोंदणी, सामान हलवणं, सुरुवातीची डागडुजी मिळून आणखी १ धरा. उरले १४. देखभालीला घराच्या किमतीच्या १ टक्का दरवर्षी, असा ठोकताळा आहे; डोंगरातल्या पावसाला आणि ओलीला मी २ धरतो. खर्च झाला १.१८. भागाकार केला की ८.४ टक्के येतात. निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार पडला, तर ही साठवण पुन्हा उभी राहणार नाही. फ्लॅट भाड्याने देऊन वर्षाला त्याच्या किमतीच्या ३ टक्के सुटले, तरी आकडा साडेपाचच्या आसपासच राहतो, आणि भाडेकरू नसलेले महिने त्यात धरलेले नाहीत.

फ्लॅट विकला तर? कर आणि दलाली वजा जाऊन १३ हाती आले असं धरू. घर घेऊनही साठवण २७ राहते आणि आकडा ४.४ वर येतो. हे जमण्यासारखं आहे. मुलाचा प्रश्न मी जरा आगाऊपणे विचारतो: त्याने फ्लॅट मागितलाय का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत ‘मुलासाठी’ ठेवलेली जागा मुलाच्या हिशेबातच नसते.

कर्जाचं विचारलं नाहीत, बरं केलंत. ८ टक्क्यांनी २० वर्षं फेडलं तर मुद्दलाएवढंच व्याज जातं, आणि तुमचा पगार तर थांबतोय.

गावात खर्च कमी होईल, असं तुम्ही लिहिलंय. मी ते धरलेलं नाही. वाहन, इंधन, घर उबदार ठेवणं, प्रत्येक दुरुस्तीला बाहेरून बोलवायचा कारागीर यांत ती बचत बहुतेक जिरते.

आता घराकडे. गुडघ्यांसाठी बैठं घर हे तुमचं कारण शंभर टक्के पटतं. पण डोंगरात घर बैठं असतं, वाट बैठी नसते. रस्ता वर, घर खाली आणि मध्ये ४० पायऱ्या, असं असेल तर तिसरा मजला तुम्ही सोबतच घेऊन जाताय. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार १ : १२ चा लागतो. म्हणजे २ मीटर उंचीसाठी २४ मीटर लांब उतार. तेवढी जागा डोंगरात कुठून आणणार?

दुसरं, तेवढ्याच चटईक्षेत्राच्या दुमजली घराच्या मानाने बैठ्या घराला छप्पर आणि पाया साधारण दुप्पट लागतो. उतारावर एवढी सपाट जागा मिळवायची म्हणजे एका बाजूने डोंगर कापायचा, दुसरीकडे भराव टाकायचा. भराव वर्षानुवर्षं दबतो. भिंतींत तिरक्या भेगा, अडकणारी दारं, आवारातली कललेली झाडं दिसली तर थांबा. संरक्षक भिंतीला पाणी निचरायची भोकं आहेत का आणि ती बुजलेली तर नाहीत ना, हे अभियंत्याला फी देऊन बघायला लावा. जमीन सरकून झालेलं नुकसान अनेक विमा पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. ते कलम स्वतः वाचा.

इस्पितळ किती किलोमीटरवर, हे विचारू नका. रात्री दोन वाजता, धुक्यात, किती मिनिटांवर, ते विचारा. आणि गाडी दोघांपैकी एकालाच येत असेल, तर दुसऱ्याने याच वर्षी शिकावी. हा सल्ला पैशांचाच आहे: एकजण मागे राहिला आणि गाडी चालवता आली नाही, की घर घाईने विकावं लागतं. छोट्या गावात गिऱ्हाईक मोजकं. घाईत असलेल्याला ते किंमत देत नाही.

म्हणून माझं मत: त्याच गावात वर्षभर भाड्याने राहा, ऐन पावसाळा आणि ऐन थंडी धरून. विकणारा घर दाखवतो ते हवा छान असताना. तोवर फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. वर्षाने दोघांचाही होकार असेल, तर फ्लॅट विकून घर घ्या, साठवणीला हात न लावता. ‘दुरून डोंगर साजरे’ मी म्हणत नाही. एव्हाना दहा जणांनी ऐकवलं असेल.

हे घर तोवर हातचं जाईल, ही भीती रास्त आहे. जाऊ दे. तरी पुढच्या खेपेला तिथे गेलात की रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंतच्या पायऱ्या मोजा, बायकोला बरोबर घेऊन, आणि आकडा मला कळवा.