टेबलाची उंची कोपराला विचारावी

घरातील कामाच्या जागेविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण तीच तक्रार थोड्या फार फरकाने इतर अनेक पत्रांतही होती.

प्रश्न : मी गेले दीड वर्ष जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून घरून काम करते. संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे भरून येतात. आता नीट जागा करायची आहे. आधी टेबल घ्यावे की खुर्ची?

उत्तर : टेबल सर्वांत शेवटी घ्यावे, आणि कदाचित ते घेण्याची गरजही पडणार नाही. आपल्या त्रासाचे मूळ बहुधा लॅपटॉपच्या रचनेतच आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे कीबोर्ड हातांना सोयीचा ठेवला की पडदा खाली जाऊन मान वाकते, आणि पडदा डोळ्यांसमोर आणला की हात अधांतरी राहतात. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण 4.5 ते 5 किलो असते. ते मणक्यावर सरळ तोललेले असेल तर मानेच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत, पण पुढे झुकले की तोच भार त्यांना तासन्‌तास ओढून धरावा लागतो. म्हणून पहिली खरेदी वेगळा कीबोर्ड आणि माउस यांची करावी. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांच्या चवडीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणावी आणि पडदा हाताच्या अंतरावर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटरवर असावा. पुस्तकांची चवड दिसायला बरी नसली तरी योग्य उंची शोधण्यासाठी तीच उत्तम, कारण एकेक पुस्तक काढून-घालून पाहता येते. उंची ठरल्यावर मग हवा तर स्टँड घ्यावा.

आपण चष्म्याचा उल्लेख केलेला नाही. जर तो बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल, तर वरचा नियम थोडा बदलतो. जवळचे दिसण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूस असल्यामुळे असा चष्मा वापरणारी व्यक्ती पडदा वाचण्यासाठी नकळत हनुवटी वर करते, आणि मान मागच्या बाजूने आखडते. त्यांनी पडदा आणखी खाली घेऊन किंचित मागे कलता ठेवावा.

आता खुर्ची. पाय जमिनीवर टेकतील अशी खुर्ची लावावी, मग उरलेले पाहावे, असे सहसा सांगितले जाते. ज्याच्या टेबलाची उंची बदलता येते त्याला ते ठीक आहे. जेवणाचे टेबल मात्र साधारण 75 सेंटिमीटर उंच असते आणि मध्यम किंवा कमी उंचीच्या व्यक्तीला टंकलेखनासाठी ते जास्त होते, त्यामुळे खांदे उचललेलेच राहतात. अशा वेळी मोजमाप वरून खाली करावे. खांदे सैल सोडून हात अंगालगत ठेवावेत, कोपर काटकोनात असताना ते टेबलाच्या पातळीला येईपर्यंत बैठक वर घ्यावी, आणि त्यामुळे पाय लोंबकळू लागले तर त्यांच्याखाली भक्कम पाट किंवा खोका द्यावा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे, नाहीतर पाठ टेकतच नाही आणि महागड्या खुर्चीचाही उपयोग होत नाही. कंबरेच्या खोलगट भागाला आधार कमी वाटत असेल तर टॉवेलची गुंडाळी काही दिवस वापरून पाहावी.

उभ्याने काम करण्याच्या टेबलाबद्दलही आपण शेवटी विचारले आहे. दिवसभर उभे राहिल्याने पाय आणि कंबर दुखतात, एवढाच काय तो बदल. शरीराला एकाच स्थितीत फार वेळ राहणे मानवत नाही, मग ती बसण्याची असो वा उभे राहण्याची. अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठणे पुरेसे उपयोगी पडते. दुखणे हातात उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र फर्निचर हलवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवले तर दुपारी डोळे चुरचुरतात. खिडकीकडे पाठ केली तर पडद्यावर प्रतिबिंब पडते आणि व्हिडिओ बैठकीत चेहरा काळा दिसतो. काय करावे?

उत्तर : टेबल आणखी एकदा वळवावे. खिडकी आपल्या उजव्या किंवा डाव्या बाजूस आली की दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात. खिडकी समोर असताना डोळ्यांना एकाच वेळी बाहेरचा प्रखर उजेड आणि पडद्याचा मंद उजेड यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. ती पाठीमागे असताना कॅमेरा मागच्या उजेडाप्रमाणे चित्र ठरवतो, म्हणून चेहरा अंधारात जातो. हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूस ठेवावा, म्हणजे अक्षरांवर सावली पडत नाही. कार्यालयीन लेखन-वाचनासाठी टेबलावर सुमारे 500 लक्स प्रकाश असावा असे मानले जाते, आणि छतावरचा एकच दिवा बहुधा तेवढा देत नाही.

डोळे चुरचुरण्याचे दुसरे कारण म्हणजे पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, सुमारे 6 मीटर दूरच्या वस्तूकडे पाहावे. खिडकी बाजूला असल्याचा येथे पुन्हा फायदा होतो.

प्रश्न : आठवड्यातून दोनदा टेबल आवरतो, तरी तिसऱ्या दिवशी कागद, चार्जर आणि वायरींचा पसारा तसाच. कायमचा उपाय आहे का?

उत्तर : आवरण्याचा आळस हे कारण असावे असे पत्रावरून तरी वाटत नाही. ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही ती टेबलावरच उतरते, आणि रिकामे टेबल तिला सर्वांत जवळचे असते. कोपर न उचलता हात जेथवर फिरतो तेवढ्या भागात दर तासाला लागणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात. दिवसातून एकदा लागणाऱ्या वस्तू खणात आणि आठवड्यातून एकदा लागणाऱ्या टेबलापासून दूर असाव्यात. कागद आडवे रचले की खालचा कागद विस्मरणात जातो, म्हणून ते उभ्या फायलींत ठेवावेत.

वायरींसाठी एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूस पक्का बसवावा आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. चिठ्ठी एकाच टोकाला लावणे ही माझी स्वतःची जुनी चूक आहे, आणि ती कळली तेव्हा मी टेबलाखाली ओणवा होतो. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरे एक्स्टेंशन खोचू नये आणि हीटरसारखे जास्त वीज ओढणारे उपकरण त्यावर चालवू नये, कारण वायर तापून आग लागण्याचा धोका असतो.

प्रश्न : स्वतंत्र खोली नाही. आवाजाचा बंदोबस्त पडद्यांनी होईल का?

उत्तर : अर्धाच. जाड पडदे, सतरंजी आणि भरलेले पुस्तकांचे कपाट यांमुळे आपल्या भागातला आवाज घुमणे कमी होते, पण बाहेरून येणारा आवाज त्यांनी फारसा अडत नाही. तो मुख्यतः फटींतून येतो, म्हणून दार असेल तर त्याच्या खालच्या फटीला रबराची पट्टी लावावी. दारच नसेल, तर तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन घ्यावा. लॅपटॉपचा माइक दूर असल्याने तो आपल्याबरोबर सगळे घर ऐकवतो.