विचारा तर खरं : एकटीनं चटणीचा ब्रँड काढायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २७. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी होती, बाबांच्या आजारपणामुळे गावी परत आले. सुट्टीवरून जाताना घरची जवसाची चटणी रूमवर न्यायचे, तर डबा दोन दिवसांत फस्त व्हायचा. त्यावरून याचाच ब्रँड काढायचं डोक्यात आलं. नाव ठरलंय, लोगो करून घेतला, इन्स्टाग्रामवर पेज उघडलं. सत्तर हजार शिल्लक आहेत. काका म्हणतात, आधी प्रायव्हेट लिमिटेड कर. मामा म्हणतो, सबसिडीत मशीन बसते ती घे. मैत्रीण म्हणते, एकटीनं होत नसते, पार्टनर शोध. घरी सगळ्यांनी चटणी खाल्ली, सगळे मस्त म्हणतात. विक्री अजून झालेली नाही. पहिलं पाऊल कोणतं टाकू?

उत्तर : पोरी, तुला ‘तू’च म्हणते. मला आधी एवढंच सांग, पुण्यात जो डबा दोन दिवसांत संपायचा, त्याचे पैसे कोणी दिले होते का? फुकटाचा डबा सगळ्यांचाच संपते. हिंगणघाटला माझं मसाल्याचं कांडप आहे, तिथं काउंटरवर चाखायला ठेवलेल्या वाटीवरून मी मालाची पारख कधी करत नाही.

तेव्हा पहिलं पाऊल म्हणजे विक्री. मशीन, कंपनी, पार्टनर यांच्या आधी, आणि अनोळखी माणसाला.

त्याच्याही आधी एक कागद मात्र करून घे, कारण हा खाण्याचा माल आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, लहान उत्पादकाची नोंदणी. ती ऑनलाइन होते, सरकारी शुल्क वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी नंबर मिळतो, तो डब्यावर टाकायचा. त्यासोबत घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खायचं ते, सर्व करांसहित किंमत, तुझं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. साध्या प्रिंटरवरचं लेबल चालते. तुझ्या लोगोला जागा उरली तर तोही टाक.

आता विकायचं कसं? तुमच्या भागातून संध्याकाळी पुण्याला ट्रॅव्हल्स निघतात. हॉस्टेलवरच्या पोरांचे डबे, आईनं बांधलेले लाडू वर्षानुवर्षं त्याच गाड्यांतून जाऊन रायले. तीच तुझी कुरिअर कंपनी. जुन्या रूममेटला फोन कर, पण तिला विकू नको. तिला म्हण, तुझ्या ऑफिसातल्या अशा दोघीतिघींचे नंबर दे ज्या मला ओळखत नाहीत. त्यांना साधा मेसेज जाऊ दे: घरची जवसाची चटणी, शुक्रवारी भाजणार, शनिवारच्या गाडीत टाकणार, शंभर ग्रॅमचा डबा, इतके रुपये, पैसे आधी यूपीआयनं. खाली डब्याचा खराखुरा फोटो. पैसे आधी घ्यायला लाज वाटेल. वाटू दे. ‘हो हो, नक्की घेईन’ म्हणणारे शेकडो भेटतील, पैसे पाठवणारे मोजके. तुझं काम त्या मोजक्यांशी आहे. आणि किंमत पडेल ठेवू नको. स्वस्त म्हणून घेतलेल्या डब्यावरून चटणी आवडली की किंमत आवडली, हे कळत नाही.

जी गोष्ट कंपनीच्या पुस्तकात सापडत नाही ती यापुढं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डबा पोचल्यावर ‘कशी वाटली?’ असं विचारू नको. आपल्याकडं जेवणाला नावं ठेवत नाहीत. पाहुणा तिखटानं घामाघूम झाला तरी ‘मस्त जमली’ म्हणूनच उठतो. तीनेक आठवड्यांनी व्हिडिओ कॉल कर आणि म्हण, ‘ताई, डबा दाखवता का जरा?’ हे विचित्र वाटते. एखादी हसेल, एखादी फोन ठेवून देईल. पण जी दाखवेल तिच्याकडून तुला जे कळेल ते कुठल्या सर्व्हेतून कळणार नाही. डबा ताटाजवळ आहे की फडताळात मागं ढकललाय? अर्धा संपून थांबलाय का? थांबला असेल तर झाकण उघडून वास घ्यायला सांग. मला जवळजवळ खात्री आहे, एखादी म्हणेल, ‘थोडा तेलकट वास येतोय.’

तो खवटपणा. तुझ्या धंद्याची खरी परीक्षा तिथं आहे. जवसात वजनाच्या साधारण चाळीस टक्के तेल, आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ज्याच्यासाठी डॉक्टर जवस खा म्हणतात ते ओमेगा-३. तेच हवेशी सगळ्यात लवकर बिघडते. अख्खं जवस कोठीत महिनोन्‌महिने राहते, कारण वरचं टरफल शाबूत असते. भाजून कुटलं की प्रत्येक कण हवेला उघडा. त्यात मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या वर आणि डबा गाडीच्या डिकीत. ओला लसूण घातला तर ओलाव्याची आणखी एक भानगड.

नागपूरला गेलीस की सीताबर्डी, इतवारीतून मिळतील तेवढ्या चटण्यांची पाकिटं विकत आण. पुढचं चित्र सोड, मागची बाजू वाच: बनवली कधी, टिकते किती महिने म्हणतात, घटकांत जवस कितव्या नंबरवर आहे. कारखान्यातून वितरक, वितरकाकडून दुकान, दुकानातून गिऱ्हाईक, एवढ्या प्रवासात माल महिन्या-दोन महिन्यांचा होणारच. त्यामुळं मोठ्या कंपनीला एक तर जवस कमी करून दाणे-खोबरं वाढवावं लागते, नाही तर टिकवायची सोय करावी लागते. तुझ्याकडं ती साखळीच नाही. शुक्रवारी भाजली, रविवारी पुण्यात पोळीसोबत खाल्ली. मग लेबलावर ‘भाजल्याचा दिवस’ मोठ्या अक्षरात लिही, मुदत मुद्दाम कमी ठेव, डबा लहान ठेव, आणि जेवढ्यांचे पैसे आले तेवढंच भाज. मागणी जास्त आली तर ‘या आठवड्याचं संपलं’ म्हणायला शीक. मोठ्यांना हे परवडत नाही. तुला परवडते, कारण तू एकटी आहेस आणि कढई घरची आहे.

वहीत नाव, तारीख, पैसे यांच्यापुढं एक रकाना रिकामा ठेव: दुसऱ्यांदा पैसे कधी पाठवले. पहिला डबा कुतूहलानं जातो, कधी तुझ्या बोलण्यानं जातो. दुसरा चटणीमुळं जातो. तो रकाना भरायला लागेपर्यंत सत्तर हजारातला मोठा खर्च करू नको. रिकामाच राहिला तर चटणी बदल, नाही तर गिऱ्हाईक बदल. आर्वीचं माणूस जवसाची चटणी विकत घेणार नाही, त्याच्या घरी ती आहेच. पण सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात आणि वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात बाहेरून आलेली पोरं आहेत, त्यांनी जवस चाखलेलंसुद्धा नसेल. तिथं चार डबे विकून बघ. अनोळखी जिभेला तिखट किती चालते ते तिथंच समजेल.

घरच्यांच्या सल्ल्यांबद्दल. अमेरिकेत सारा ब्लेकली नावाच्या बाईनं स्पँक्स हा आतल्या कपड्यांचा ब्रँड एकटीनं उभा केला. शिल्लक पाच हजार डॉलर, दिवसा फॅक्स मशीन विकायची नोकरी. वर्षभर तिनं घरच्यांना, मैत्रिणींना कल्पनेचा पत्ता लागू दिला नाही. जे कामाचे होते, म्हणजे वकील, गिरणीवाले, फक्त त्यांच्याशी बोलली. प्रेमाची माणसंच नव्या कल्पनेला आधी शंका काढतात आणि मग त्यांना समजावण्यात आपली ताकद जाते, हे तिचं म्हणणं. २००० साली माल बाजारात आला, तो नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या खरेदी अधिकारी बाईला स्वच्छतागृहात नेऊन, स्वतः घालून दाखवल्यावर. पुढं तिनं ओळखीच्यांना दुकानात पाठवून आपलाच माल विकत घ्यायला लावला आणि पैसे नंतर चुकते केले. हा शेवटचा प्रकार मला पटत नाही. दुकानातली जागा टिकवायला तिला तो उपयोगी पडला असेल, पण तुझं दुकानच नाही. आपल्याच पैशानं घेतलेला डबा वहीत चढवलास तर फसवणूक तुझीच. तुझं गुपित मात्र आता फुटलंच आहे, तर काका-मामांना एवढंच सांग की दिवाळीपर्यंत विचारू नका.

नोकरीचंही तसंच. करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खनिज खात्यात केमिस्ट होते. १९६९ साली अहमदाबादला घरामागं धुण्याची पावडर बनवायला लागले आणि ऑफिसला जाता-येता सायकलवरून दारोदार विकायचे, किलोला तीन रुपये. मुलीच्या नावावरून नाव ठेवलं निरमा. पावडर चालते हे दिसल्यावर त्यांनी नोकरी सोडली. तुला घरून टेस्टिंगचं थोडं काम मिळत असेल तर घेत राहा. घरात पैसा येत असला की ‘या आठवड्याचं संपलं’ म्हणायला छाती होते.

उरलेल्या तीन सल्ल्यांचं थोडक्यात. प्रायव्हेट लिमिटेडला निदान दोन माणसं लागतात. २०१३ च्या कायद्यानं एकटीलाही कंपनी काढता येते, पण दरवर्षीचा सीए, ऑडिट, रिटर्न आलंच. सध्या तू तुझ्याच नावानं धंदा कर. मालाचा जीएसटी राज्यातल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. राज्याबाहेर माल धाडायचा झाला तर आधी सीएला विचार. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लाव. मामांची मशीन: २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान ठरलं होतं, पण ते कर्जाला जोडलेलं. चटणी विकली जावो न जावो, हप्ता सुरू होतो. आणि मशीन घरात आली की रोज तिला खाद्य घालावं लागते, मग मागणीपेक्षा जास्त चटणी होते आणि ती खवट होते. पार्टनर चांगला मिळाला तर हरकत नाही. पण वही भरल्यावर शोध, रिकाम्या वहीत अर्धा वाटा कोणाला द्यायचा?

प्रश्न : मॅडम, मी दारव्हा तालुक्यातला. आमच्या गावांत मिक्सर, पंखा, मोबाईल बिघडला की लोक महिना महिना तसाच ठेवतात. तो तालुक्याला नेऊन, दुरुस्त करून परत आणून देणारं ॲप काढायचा विचार आहे. ॲप करून देणारा दीड लाख मागतो. कर्ज काढू का?

उत्तर : काऊन बापू, मिक्सर ॲपमधून जाणार आहे का? २०१३ साली अमेरिकेत पालो अल्टोला चार विद्यार्थ्यांनी हॉटेलचं जेवण घरपोच द्यायचा धंदा सुरू केला, तोच पुढं डोअरडॅश झाला. सुरुवातीला एक साधं पान होतं, त्यावर हॉटेलांची मेनूकार्डं आणि स्वतःचा फोन नंबर. फोन तेच घ्यायचे, डबे तेच पोचवायचे.

तू गावातल्या किराणा दुकानात आणि चक्कीवर तुझा नंबर लिहून ठेव. बाजाराच्या दिवशी मोटरसायकलला दोन पोती बांध आणि सामान गोळा कर. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लाव: कोणाची, काय बिघडलं, किती रुपयांपर्यंत दुरुस्त करायची परवानगी. चिठ्ठीचा आणि वस्तूचा फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवर तिथंच टाक, नाही तर ‘भांडं दुसरंच आणलं’ म्हणून भांडण तुझ्या गळ्यात येईल. मोबाईल नेताना सिम आणि मेमरी कार्ड मालकाला काढून दे. आणण्या-नेण्याचे पैसे दुरुस्तीपासून वेगळे सांग आणि आधी घे. मेकॅनिककडून कमिशन घेऊ नको, घेतलंस तर तो बिल फुगवेल आणि शिव्या तू खाशील.

चिठ्ठ्या सांभाळणं हाताबाहेर जाईल तेव्हा ॲपवाल्याकडं जा. तोवर त्याला नेमकं काय सांगायचं ते तुला ठाऊक झालेलं असेल, आणि दीड लाखातलं अर्धं काम नकोच होतं हेही.