वही मिट

प्रिय बाळ,

जय ख्रिस्त.

मंडळीतल्या आजारी मावशींना तू डबा नेतेस, त्या चारचौघांत तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, आणि तू विचारतेस की मनात माया उरली नसताना डबा नेणं हे ढोंग तर नाही? नाही. घरी येऊन "मी एवढं केलं, त्यांनी काय केलं?" असा हिशेब मांडणं, अडचण तिथे आहे. ती वही मिट. बायबलातल्या 1 करिंथ 13 मध्ये प्रेषित पौल प्रीतीचं वागणं सांगतो: ती सहनशील आहे, चिडत नाही, अपकार स्मरत नाही. माया मागून येते, कधी येतही नाही. डबा वेळेवर जायला हवा.

वही सगळ्यात लवकर उघडते ती प्रार्थनेच्या विनंतीत. "मावशींच्या स्वभावासाठी प्रार्थना करा" असं तरुण संघात म्हटलंस की झाली चुगली. मत्तय 18 मधला क्रम पाळ: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे आधी मंडळीभर होतं आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला ते तिसऱ्याकडून कळतं. तू मावशींशीच बोल. डबा ठेवताना नको, तेव्हा त्यांना भूक लागलेली असते. जेवण झाल्यावर, कोणी नसताना, एवढंच: "सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं." मागचं उकरू नकोस. आणि मीठ जास्त पडत असेल तर कमी कर, तेवढं त्यांचं ऐक.

प्रेमाला अट नको, पण माप हवं. लूक 10 मधल्या येशूच्या गोष्टीतला शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीचा माणूस, वाटेत पडलेल्या एका जखमी माणसाच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, ठेवतो, जास्त लागलं तर परतताना देईन म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. जखमी माणसाकडून काही कबूल करून घेत नाही. तू सातही दिवस एकटीने ओढलेस. दमलेलं माणूस वही काढणारच. दोन वार तुझे ठेव, बाकीचे महिला मंडळात वाटून दे. कुणाला पैसे द्यायचे तर बुडाले तरी चालतील एवढेच दे, आणि मनातही उसने म्हणू नकोस. ते दारूत जाणार असतील तर किराणा भरून दे, रोख नको. मारहाण होत असेल तिथून मात्र बाहेरच पडायचं; क्षमा करायला त्याच घरात राहावं लागत नाही.

वारांच्या वाटणीवरून मला कोरडी म्हणतात. म्हणू देत. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांचा आश्रम, मुक्ती मिशन, नुसत्या कळवळ्यावर उभं राहिलं नाही. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. कुणाची पाळी कधी, हे जरूर लिहून ठेव. कुणी काय फेडलं, ते लिहू नकोस. एवढं का कळू नये माणसांना!

योहान 13 वाच. येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा शिष्य यहूदा तिथेच बसलेला होता, आणि कोण धरून देणार हे प्रभूला ठाऊक होतं. त्याने कुणाला वगळलं नाही. तू डब्यावरच्या टोमण्याचं काय घेऊन बसलीस?

रविवारी प्रभुभोजन आहे म्हणतेस. दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तय 5 मध्ये आहेच. तेव्हा शनिवारी संध्याकाळीच जाऊन ये. उपासनेनंतर चर्चच्या दारात त्यांना गाठू नकोस, तिथे सगळी मंडळी उभी असते.

प्रभूमध्ये तुझी,
आत्या